घरच्या फाइल सर्व्हरला बाहेरून वाट : कीर्तनांच्या संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

आजोबांच्या कॅसेटींचं डिजिटायझेशन गेल्या महिन्यात संपलं. १९८० च्या दशकापासून गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत टेप रेकॉर्डर पुढ्यात ठेवून त्यांनी भरलेली ही कीर्तनं. चारशेच्या आसपास कॅसेटी, बहुतेक ९० मिनिटांच्या. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा दर्जात उतरवल्यामुळे तासाला साधारण २ जीबी होतात, म्हणून एकूण पसारा सव्वा टेराबाइटचा झाला आहे. साताऱ्याच्या घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा संगणकाला (पुढे नुसता 'पाय') ४ टेराबाइटची डिस्क लावली आहे, तिच्यावर हे सगळं नीट ठेवलेलं आहे. घरात साम्बा या फाइली वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे कुठल्याही लॅपटॉपवर ते फोल्डर उघडतं.

पण हे ऐकून ज्यांनी नोंदी करायच्या ती माणसं घरात नाहीत. ताई म्युनिकला असते, चुलतभाऊ पुण्यात. कॅसेटच्या कागदावर आजोबांनी गाव आणि तिथी एवढंच लिहिलंय. कीर्तनकार कोण, अभंग कुठला, पखवाजाला कोण बसलंय, हे ऐकूनच ओळखावं लागतं, आणि ते ओळखणारी कुटुंबात एकटी ताई उरली आहे. लहानपणी आजोबांचं बोट धरून ती प्रत्येक सप्ताहाला जायची. काल फोनवर म्हणाली, "अरे, आषाढीच्या आत मला ऐकता येईल असं काहीतरी कर. फार दिवस थांबलेय मी." आषाढी एकादशी ६ जुलैला आहे.

एखाद्या क्लाउड ड्राइव्हवर सगळं चढवून लिंक पाठवणं सोपं होतं. तसं करायचं नाही असं ठरलंय. बऱ्याच कीर्तनकारांच्या घरच्यांना भेटून आम्ही परवानगी घेतली, ती "तुम्ही घरातली माणसं ऐका, जपा" एवढीच आहे. तो शब्द पाळायचा तर फाइली आपल्याच डिस्कवर राहिल्या पाहिजेत.

१५ जून, रविवार

सकाळी राउटरचं स्टेटस पान उघडलं. बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.७२ ने सुरू होतो. बाहेरच्या जगाला दिसणारा आमचा पत्ता तपासला तर तो वेगळाच. म्हणजे आपण सीजीनॅटच्या, पुरवठादाराने एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याच्या व्यवस्थेच्या, मागे आहोत.

१००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमपत्राने खास याच कामासाठी राखून ठेवला. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत सगळे मिळून पत्ते ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले, आणि आशिया-पॅसिफिकची वाटप संस्था एपनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली. त्यानंतर घरोघरी इंटरनेट देताना कंपन्यांनी एका खऱ्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले. एका वाड्यात वीस बिऱ्हाडं आणि टपालाचा पत्ता मात्र वाड्याचा, तशी ही व्यवस्था आहे. आतून पाठवलेल्या पत्राचं उत्तर बरोबर येतं, पण बाहेरून आपणहून आलेलं पत्र कोणत्या बिऱ्हाडाचं हे कुणालाच ठाऊक नसतं.

त्यामुळे घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून आलेलं आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याचं, कितीही चोख काम केलं तरी उपयोग नाही. पॅकेट आमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. खरा पत्ता मिळाला असता तरी साम्बाचं ४४५ पोर्ट, म्हणजे संगणकाचं त्या क्रमांकाचं दार, मी जगाला उघडलं नसतं. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्राम याच पोर्टावरून संगणकामागून संगणक घेत गेला, आणि त्यासाठीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. त्याच मे महिन्यात साम्बातलीही एक गंभीर चूक जाहीर झाली. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या तशाच प्रोग्रामने इंटरनेटला थेट जोडलेले क्यूनॅप कंपनीचे घरगुती फाइल सर्व्हर गाठून फाइली कुलूपबंद केल्या आणि दर सर्व्हरमागे ०.०३ बिटकॉइन मागितले. "आपलं छोटंसं घर कोण शोधत बसणार?" असं बाबांनी विचारलं. शोधावं लागतच नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये केलेल्या झेडमॅप या पत्ते चाळणाऱ्या प्रोग्रामने एका गिगाबिट जोडणीवरून अख्खं आयपीव्ही४ जग पाऊण तासात चाळता येतं हे दाखवून दिलंय. सगळ्यांचीच दारं ठोठावली जातात.

म्हणून सर्व्हर बाहेर उघडायचा नाही. ठरलेल्या तीन-चार माणसांना बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये आणायचं, एवढंच काम आहे.

१७ जून, मंगळवार

इंटरनेट पुरवठादाराला फोन केला. स्थिर पत्ता फक्त व्यावसायिक जोडणीवर, वर्षाचे वेगळे पैसे. नको.

१८ जून, बुधवार

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीची वाट आधी नीट पाहिली, कारण तत्त्वतः तीच सरळ आहे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता, मध्ये नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल, नाही. आपल्या फायबरवर ६४ बिटांचा प्रीफिक्स (पत्त्यांचा समान सुरुवातीचा भाग) मिळतो, पायला पत्ताही मिळाला आहे. पण पुरवठादाराने दिलेला ओएनटी, म्हणजे राउटरसकट फायबरचा डबा, बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी अडवतो, आणि त्यात एका यंत्रासाठी एक पोर्ट उघडण्याची सोय नाही. फायरवॉल चालू किंवा बंद, एवढंच बटण आहे. बंद केली तर पायबरोबर टीव्ही आणि प्रिंटरही उघडे पडतील.

शिवाय दोन्ही टोकांना आयपीव्ही६ हवं. ताईच्या घरी आहे, माझ्या मोबाइलवर आहे, पण चुलतभावाच्या ऑफिसात नाही. प्रीफिक्सही बदलत असतो, म्हणजे डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका नावाशी जुळवत ठेवणारी सेवा) सांभाळणं आलं. स्वतःचा राउटर बसवला की या वाटेकडे परत बघेन. मला ती मनापासून आवडते.

२१ जून, शनिवार

उरलेल्या पर्यायांत एक गोष्ट समान आहे. जोडणी घरातून बाहेर जाते, आणि तिच्यावरूनच परतीचा रस्ता मिळतो. सीजीनॅट ते अडवत नाही.

टेलस्केल हे यंत्रांना खाजगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. जेवायची ताटं मांडेपर्यंत पाय आणि फोन एकमेकांना दिसायला लागले. आत वायरगार्डच आहे, म्हणजे दोन यंत्रांमध्ये कूटबद्ध बोगदा (टनेल) बांधणारा प्रोग्राम. दोन्ही टोकं नॅटमागे असली तरी टेलस्केल थेट मार्ग काढायचा प्रयत्न करतं आणि नाहीच जमलं तर त्यांच्या रिले सर्व्हरवरून नेतं, तेही कूटबद्ध. गंमत म्हणजे यंत्रांना ते पत्ते देतं तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले. आपला पाय राउटरमागे १९२.१६८ च्या पत्त्यावर बसलेला असल्याने टक्कर होत नाही. ज्यांचं यंत्र थेट पुरवठादाराच्या त्या पट्ट्यात असेल त्यांनी मात्र आधी तपासावं. कुणी मला विचारलं, "घरच्या सर्व्हरसाठी काय लावू?" तर मी हेच सांगेन.

क्लाउडफ्लेअरचा टनेल वेबसाइटसाठी उत्तम आहे. पण त्यात कूटबंद (एन्क्रिप्शन) त्यांच्या सर्व्हरवर सुटतो आणि फुकटच्या योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही. आपल्याला ते चालणार नाही.

मी तिसरा मार्ग घेतोय. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्याच्यावर आणि पायवर साधा वायरगार्ड. कुणाला आत घ्यायचं याची यादी दुसऱ्याच्या खात्यात नको, आपल्या हातात हवी. परवानगी देणाऱ्या घरांना "चाव्या कुणाकडे आहेत?" या प्रश्नाचं उत्तर नावानिशी देता आलं पाहिजे.

२२ जून, रविवार

व्हीपीएस घेतला. एक कोअर, १ जीबी मेमरी, डेबियन लिनक्स. या कामाला एवढं भरपूर आहे.

वायरगार्ड जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिला आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नल ५.६ मध्ये तो आला. मूळ कोड सुमारे ४००० ओळींचा, म्हणजे एका माणसाला बसून वाचता येण्यासारखा. त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे ओळखीच्या चावीने सही नसलेल्या पॅकेटला तो काहीच उत्तर देत नाही. झेडमॅपसारख्या चाळणीला ५१८२० या यूडीपी पोर्टावर काही आहे हे कळतसुद्धा नाही. त्याच यंत्राच्या एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या पोर्टावर मात्र दुपार व्हायच्या आत अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड आजमावणं सुरू झालं होतं. पासवर्डने प्रवेश पहिल्यापासून बंदच आहे, फक्त ईडी२५५१९ प्रकारची डिजिटल चावी चालते.

रचना अशी. व्हीपीएस १०.७७.०.१, पाय १०.७७.०.२, माणसं १०.७७.०.१० पासून पुढे. पायच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद. तो घरातून दर पंचवीस सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवत राहतो, म्हणून राउटर आणि सीजीनॅट ती नोंद पुसत नाहीत आणि परतीचा रस्ता उघडा राहतो. सगळ्या युक्तीचा गाभा या एका ओळीत आहे.

घरचं अख्खं नेटवर्क मी टनेलमधून दाखवलेलं नाही. चुलतभावाच्या घरीही राउटर १९२.१६८.१ चाच आहे, तसा तो लाखो घरांत असतो. दोन्हीकडे एकच पट्टा असला की त्याच्या लॅपटॉपला आपला पाय शोधायचा की स्वतःचा प्रिंटर, हे ठरवता येत नाही. माणसांच्या अलाउड आयपीजमध्ये, म्हणजे टनेलमधून जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीत, म्हणून फक्त १०.७७.०.२ एवढाच पत्ता आहे.

२४ जून, मंगळवार

आज फायरवॉल आणि खाती. व्हीपीएसवरच्या एनएफटेबल्स या फायरवॉलचा नियम असा की माणसांच्या पत्त्यांवरून पायच्या फक्त २२ आणि ८० या पोर्टांकडे जाता येईल, बाकी सगळं बंद. माणसांना एकमेकांची यंत्रंही दिसत नाहीत.

एक मुद्दा बऱ्याच ठिकाणी सांगायचा राहून जातो. अशा मधल्या सर्व्हरच्या रचनेत वायरगार्डचा कूटबंद व्हीपीएसवर सुटतो आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा बांधला जातो. म्हणजे त्या भाड्याच्या यंत्राच्या मेमरीत मजकूर क्षणभर उघडा असतो. म्हणून मूळ फाइली एसएफटीपीनेच, म्हणजे एसएसएचवरून फाइली देण्याच्या पद्धतीनेच, द्यायच्या. एसएसएचचा कूटबंद ताईच्या लॅपटॉपपासून थेट साताऱ्यातल्या पायपर्यंत अखंड राहतो.

ताई आणि चुलतभाऊ यांना स्वतंत्र खाती दिली. शेल (कमांड देण्याची सोय) नाही, फक्त एसएफटीपी, आणि तेही एका फोल्डरात कोंडलेलं. या कोंडणाऱ्या फोल्डराची मालकी रूटकडेच असावी लागते आणि इतरांना त्यात लिहिण्याचा हक्क नसावा लागतो, नाहीतर एसएसएच जोडणीच तोडून टाकतो. मूळ ध्वनिफाइली दोघांनाही फक्त वाचता येतात. लिहिता येतं ते 'नोंदी' फोल्डरात, आणि त्याची रोज रात्री आरस्नॅपशॉट या प्रोग्रामने प्रत निघते. उद्या कुणाच्या लॅपटॉपात काही शिरलं तरी आजोबांनी भरलेल्या कीर्तनांना धक्का लागायला नको.

आणखी एक. यूएसबी डिस्क कधी जागी झाली नाही तर तिच्या जागी रिकामं फोल्डर उरतं आणि सगळं लिखाण मुकाट एसडी कार्डावर जाऊ लागतं. म्हणून डिस्क जोडण्याआधीच ते रिकामं फोल्डर बदल न करता येण्याजोगं करून ठेवलं. डिस्क नाही तर लिहिणंही नाही, आणि गडबड लगेच कळते.

२८ जून, शनिवार

माउलींची पालखी जिल्ह्यात आहे, आईबाबा दर्शनाला गेले आहेत. घर शांत होतं, म्हणून ताईबरोबर पहिली जोडणी आजच केली. आमचे रात्रीचे दहा, तिकडे संध्याकाळचे साडेसहा.

हँडशेक, म्हणजे दोन टोकांची ओळख, झाला. एसएफटीपीत शिरली. फोल्डरांची यादी दिसली, गावांची नावं वाचताना तिचा आवाज बदलला. मग तिने पहिली फाइल ओढली आणि काहीच येईना. यादी दिसते, छोटी मजकूर-फाइल येते, मोठी फाइल शून्यावर अडकते. ही एमटीयूच्या, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल मापाच्या, अडचणीची अगदी नेमकी खूण आहे.

ताईच्या लॅपटॉपवरून, टनेलच्या बाहेरून, तुकडे न करण्याच्या अटीवर वेगवेगळ्या मापांचे पिंग (चाचणीची पॅकेटं) व्हीपीएसकडे पाठवले. १४३२ बाइट जातात, १४३३ जात नाहीत. हेडरचे २८ धरले तर तिच्या वाटेची मर्यादा १४६० झाली. जर्मनीत केबल जोडण्यांवर डीएस-लाइट सर्रास असतं. आयपीव्ही४ ची पॅकेटं आयपीव्ही६ मध्ये गुंडाळून नेतात, त्याचे ४० बाइट जातात. त्यावर आयपीव्ही४ वरच्या वायरगार्डचे ६०. १५०० मधून दोन्ही वजा केले की १४०० उरतात आणि वायरगार्डचं नेहमीचं माप १४२०. वीस बाइटांसाठी सगळं अडलं होतं. आपल्या बाजूला पीपीपीओई प्रकारची जोडणी आहे, तिथे १४९२ मधून ६० गेले तरी १४३२ उरतात, म्हणून पुण्याहून चाचणी करताना हे दिसलं नव्हतं.

सगळ्या टोकांना एमटीयू १३८० केला. पुढच्या माणसाची जोडणी कशी असेल याचा विचार पुन्हा करायला नको. फाइल वाहायला लागली. "आली रे आली!" एवढंच ती बोलली आणि दोघंही थोडा वेळ फोन धरून बसलो.

३० जून, सोमवार

वादळी पाऊस, वीज गेली. इन्व्हर्टरवर पाय नाही, त्यामुळे सगळं बंद पडून पुन्हा सुरू होताना काय होतं हे बघायला मिळालं.

वीज आली, पाय उठला, पण टनेल काही वेळ जोडला गेला नाही. कारण घड्याळ. पाय ४ ला बॅटरीवरचं घड्याळ नाही. तासातासाला फाइलीत टिपून ठेवलेली वेळ घेऊन तो उठतो, म्हणजे वीज जाण्याच्याही आधीची वेळ. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो आणि जुनं पॅकेट कुणी पुन्हा पाठवून फसवू नये म्हणून समोरचा, आधी पाहिलेल्यापेक्षा जुना शिक्का स्वीकारत नाही. व्हीपीएसच्या दृष्टीने पाय भूतकाळातून बोलत होता. एनटीपीने, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेने, वेळ जुळवली आणि टनेल आपोआप उभा राहिला.

आपल्याकडे एनटीपी टनेलबाहेरून साध्या इंटरनेटवरून जातं, म्हणून हे मिनिटांत सुटलं. घरच्या सर्व्हरची सगळी वाहतूक टनेलमधून पाठवणाऱ्यांच्या बाबतीत पेच पडेल. वेळ जुळायला टनेल हवा, टनेलला वेळ जुळलेली हवी. डीएस३२३१ चं घड्याळ आणि नाण्याएवढा सेल बसवतो. राउटर आणि पाय दोघांसाठी छोटा यूपीएसही लागेल. पावसाळ्याचे तीन महिने अजून जायचेत.

२ जुलै, बुधवार

साम्बाचं फोल्डर टनेलमधून उघडून पाहण्याची ताईची इच्छा होती, घरच्यासारखं. दिलं नाही. साम्बा प्रत्येक फाइलीसाठी पुन्हा पुन्हा विचारणा करतो. घरात प्रत्येक फेरीला मिलिसेकंदही लागत नाही, म्युनिकहून शंभराच्या वर लागतात. चारशे फाइलींचं फोल्डर उघडताना ते असह्य होतं.

आणि नोंदी करायला ९६ किलोहर्ट्झची मूळ फाइल लागतच नाही. टेप रेकॉर्डरने एकाच माइकवर घेतलेला आवाज तो. सगळ्याच्या ६४ केबीपीएसच्या मोनो (एकाच वाहिनीच्या) प्रती ओपस या आवाज दाबून लहान करणाऱ्या प्रकारात काढल्या. तासाला २९ एमबीच्या आत, सगळा संग्रह सतरा-अठरा जीबीत मावला. पायवरचा छोटा वेब सर्व्हर त्या प्रती फक्त टनेलच्या पत्त्यावर दाखवतो. ताई फोनवर वायरगार्डचं बटण दाबते, पान उघडते, हव्या मिनिटाला जाऊन ऐकते. एवढ्याशा वाहतुकीला ट्रेनमधलं मोबाइल नेटही पुरतं. या प्रती व्हीपीएसवर क्षणभर उघड्या होतात हे खरं. म्हणून वेब सर्व्हरलाही प्रमाणपत्र बसवून तो ४४३ वर नेला, फायरवॉलच्या नियमात ८० च्या जागी ४४३ केलं.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

ताईच्या नोंदींची फाइल दुपारी बघितली. अभंग, कीर्तनकार, साथीदार, मिनिट, शंका, असे रकाने तिनेच आखले आहेत. १९८७ च्या एका कॅसेटवर आजोबांनी चुकीचं गाव लिहिलंय असं तिचं म्हणणं. पुंडलिक वरदा झाल्यावर मागून कुणीतरी पंगतीची वेळ पुकारतं, त्यात दुसऱ्याच गावच्या देवळाचं नाव येतं. बाबांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "बरोबर आहे तिचं." चाळीस वर्षांजवळ आलेली ती टेप आज पहिल्यांदा योग्य गावाच्या नावावर लागली.

१३ जुलै, रविवार

मूळ फाइलींची दुसरी प्रत पुण्यात ठेवायची आहे. टनेलमधून पाठवली तर आपल्या ४० एमबीपीएसच्या अपलोडवर सव्वा टेराबाइटला सलग तीन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ ताईचं ऐकणं अडखळेल. लक्स कूटबंदाची डिस्क भरून चुलतभावाकडे एसटीने नेऊन देणार. त्यानंतरचे बदल रात्री आरसिंक या फक्त बदल पाठवणाऱ्या प्रोग्रामने, वेग आवळून.

नाशिकच्या मामांना ऐकायचं आहे. त्यांच्या फोनसाठी १०.७७.०.१३ हा पत्ता आणि वेगळी चावी काढली, क्यूआर कोड समोर बसूनच स्कॅन करून देणार, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही. फोन हरवला तर काय करायचं हेही लिहून ठेवलंय. व्हीपीएसवरच्या यादीतून ती एक चावी काढायची, बाकी कुणाला हात लावावा लागत नाही.

व्हीपीएसची सगळी रचना, चाव्यांची यादी आणि डिस्कचा पासवर्ड छापून बाबांच्या कपाटात, जमिनीच्या कागदांच्या पिशवीत ठेवला. ओएनटीच्या जागी स्वतःचा राउटर बसवण्याबद्दल पुरवठादाराशी बोलणं बाकी आहे.